कामावरचा हार्ट अटॅक आणि घरच्यांचा हक्क

सातारा-सांगलीकडच्या आपल्या वस्त्यांमध्ये कमावता माणूस कामावर असताना छातीत कळ येऊन गेला, तर लोकांच्या तोंडी दोनच वाक्ये असतात. एक, 'अल्लाहची मर्जी.' दुसरे, 'अटॅकच आला, त्याला मालक तरी काय करणार?' पहिल्या वाक्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही, तो ईमानाचा भाग आहे. दुसरे वाक्य मात्र कायद्याच्या दृष्टीने अर्धवट आहे, आणि या अर्धवट समजुतीपायी घरच्यांचा हक्क बुडतो. मशीनमध्ये हात सापडला, उंचावरून पडून कोणी गेला, तर भरपाई मागायची असते हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. हृदयविकाराने गेलेल्या कामगारासाठीही ती मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 'मागता येते' हा शब्द आम्ही जपून वापरत आहोत. मागितली की मिळतेच, असे नाही. कधी मिळते, कधी नाकारली जाते आणि फरक कुठे पडतो, हे समजून घेतले पाहिजे.

या विषयाचा मूळ कायदा १९२३ सालचा, कामगार नुकसानभरपाई अधिनियम. २०१० पासून त्याच्या नावात 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा विषय त्या संहितेच्या एका प्रकरणात गेला. पण शंभर वर्षे ज्या शब्दांवर खटले लढले गेले, ते शब्द संहितेतही कायम आहेत. कामगाराला झालेली इजा 'अपघाताने', 'कामामुळे' आणि 'काम चालू असताना' झालेली असली पाहिजे. 'काम चालू असताना' म्हणजे वेळ आणि जागा. ते दाखवणे सोपे असते. खरी लढाई 'कामामुळे' या शब्दाची. हृदय तर ज्याचे त्याचे, रोगही ज्याचा त्याचा. मग तो मृत्यू कामामुळे झाला असे कसे म्हणायचे?

याचे सर्वात स्पष्ट उत्तर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने १९५३ मध्ये दिले. बॉम्बे पोर्ट ट्रस्टचा एक रखवालदार. त्याला हृदयविकार होता. रात्रीच्या पहाऱ्यावर असताना छातीत दुखू लागले आणि त्यात तो गेला. भरपाईचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या खंडपीठाने जो निकष घालून दिला, तो आजही देशभरच्या न्यायालयांत सांगितला जातो. त्याचा मथितार्थ असा : माणूस निव्वळ त्याच्या रोगाने, रोगाच्या नैसर्गिक क्रमाने गेला असेल, किंवा वर्षानुवर्षांच्या कामाच्या झिजेने तो रोग वाढून गेला असेल, तर मालकावर जबाबदारी येत नाही. पण त्या कामाने मृत्यूला हातभार लावला असेल, मृत्यू लवकर ओढवून आणला असेल, किंवा रोग आणि काम हे दोन्ही मिळून मृत्यूचे कारण ठरले असतील, तर तो मृत्यू 'कामामुळे'च झाला असे धरायचे आणि मालकाने भरपाई द्यायची. 'लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध बॉम्बे पोर्ट ट्रस्ट' या नावाने हा निकाल वकिलांना माहीत असतो. ज्या घरावर अशी वेळ आली असेल, त्यांनी हे नाव लिहून ठेवावे.

'त्याला आधीपासूनच बीपी होते', 'शुगर होती', 'तंबाखू खायचा' असे मालकाकडून, विमा कंपनीकडून आणि कधीकधी भाऊबंदांकडूनही ऐकवले जाते. वरच्या निकषात त्याचे उत्तर आहे. आधीचा आजार असणे म्हणजे दावा संपणे नव्हे. इंग्लंडमध्ये १९१० सालीच हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे असा एक कामगार आला होता. त्याच्या हृदयाजवळची मुख्य रक्तवाहिनी इतकी फुगलेली होती की झोपेतही फुटली असती. ती फुटली मात्र पान्याने नट आवळताना. तेवढ्या साध्या श्रमाने ती फुटली, म्हणून तो अपघातच, असा निकाल तिथे लागला. कायदा धडधाकट माणसांसाठी आणि आजारी माणसांसाठी वेगवेगळा नसतो. मालकाने ज्या प्रकृतीचा माणूस कामाला ठेवला, त्याच प्रकृतीसह तो कामगार असतो.

आता दुसरी बाजू. डिसेंबर १९६१ मध्ये 'द्वारका' नावाच्या जहाजावरचा एक मुस्लिम खलाशी इराणच्या आखातात रात्रीतून बेपत्ता झाला. त्याआधी त्याने छातीत दुखत असल्याची तक्रार केली होती. वडिलांनी दावा लावला. उच्च न्यायालयात ते जिंकले, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मॅकिनन मॅकेन्झीचा खटला म्हणून तो ओळखला जातो. न्यायालयाचे म्हणणे असे की, माणूस कामावर असताना गेला एवढे पुरेसे नाही. काम आणि मृत्यू यांचा संबंध दावा करणाऱ्यानेच दाखवला पाहिजे. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नसला तरी चालेल, परिस्थितीवरून अनुमान काढता येईल. पण अनुमान काढण्याइतका पुरावा तरी हवा.

सर्वोच्च न्यायालयाचे आणखी दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की सगळे चित्र उघडते. २००६ मधला एक, आंध्रच्या नेल्लोरचा. कामगार कामाच्या जागीच गेला होता. पण त्याचे काम फक्त बटण चालू-बंद करण्याचे होते, त्यात ताण पडण्यासारखे काही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. छातीच्या आजारावर आधीपासून उपचार चालू होते. भरपाई नाकारली गेली. दुसरा डिसेंबर २०१२ चा. पंचेचाळीस वर्षांचा ट्रक ड्रायव्हर दिल्लीहून झारखंडमधल्या निमियाघाटकडे निघालेला, सुमारे ११५२ किलोमीटरचा प्रवास. वाटेत अस्वस्थ वाटू लागले म्हणून त्याने हॉटेलजवळ गाडी बाजूला लावली आणि तो कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते. इतक्या लांब पल्ल्याच्या सलग ड्रायव्हिंगचा ताण मृत्यूला कारणीभूत ठरला, असे मानून न्यायालयाने भरपाई मान्य केली, आणि ती विमा कंपनीने द्यायची होती.

म्हणजे दावा ठरतो तो शेवटच्या काही तासांत, काही दिवसांत माणूस नेमके काय करत होता यावर. तासगावची द्राक्षे घेऊन दिल्ली-कोलकात्याला जाणारा ड्रायव्हर, सांगलीच्या मार्केट यार्डात दिवसभर हळदीची पोती पाठीवर घेणारा हमाल, लोणंदच्या बाजारात कांद्याच्या गाड्या भरणारा, विट्याच्या यंत्रमागावर डबल पाळी करणारा, गळीत हंगामात साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी उभा असणारा, कुपवाडच्या फौंड्रीत एप्रिल-मेच्या उन्हात भट्टीसमोर असणारा. यांपैकी कोणाच्याही कामात ताण नाही असे कोण म्हणेल? पण तो ताण कागदावर आला नाही, तर न्यायालयाच्या दृष्टीने तो नव्हताच.

नेमके इथेच आपली घरे मागे पडतात, आणि त्याचे कारण आपल्या रीतीत आहे. मय्यत लवकरात लवकर दफन करावी ही आपली शिकवण. दुपारी गेलेला माणूस असरनंतर कबरस्तानात पोहोचतो. शवविच्छेदनाचे नाव काढले तरी घरातली वडीलधारी मंडळी कळवळतात, 'मय्यतीला आता त्रास नको' म्हणतात. ही भावना आम्हाला परकी नाही. पण चीरफाड टळावी म्हणून 'घरीच गेला' असे सांगितले जाते, कामाच्या जागेवरून मय्यत परस्पर घरी आणली जाते, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होत नाही, पंचनामा होत नाही. दोन महिन्यांनी कोणीतरी भरपाईचे सांगतो, तेव्हा हातात नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला सोडून काही नसते. डॉक्टरांचा कागद असलाच तर त्यावर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलेले असते. त्याचा अर्थ हृदय आणि श्वास थांबला एवढाच. तो तर प्रत्येकच मृत्यूत थांबतो. का थांबला, हे त्यात नसते.

गरजेपुरते शवविच्छेदन जायज मानणारे आलिम पुष्कळ आहेत, आणि त्याबाबत कडक मत असणारेही आहेत. घरात वाद घालण्यापेक्षा आपल्या इमामसाहेबांना त्या तासाभरात सरळ विचारावे : मागे यतीम मुलांचा हक्क आहे, तो सिद्ध करायला दुसरा मार्ग नाही, मग काय करावे? आम्हाला तर वाटते, हा मसला मोहल्ल्यात मय्यत होण्याआधीच जुम्याला बोलला जावा. वेळेच्या काळजीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी. नोव्हेंबर २०२१ पासून, संशयास्पद नसलेल्या मृत्यूंत आणि जिथे सोय आहे अशा रुग्णालयांत, सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला केंद्र सरकारने परवानगी दिली आहे. विचारून पाहायला हरकत नाही. आणि शवविच्छेदन झाले नाही म्हणून सगळे संपले असेही नाही. दवाखान्यात जिवंत पोहोचला असेल तर ईसीजी निघालेला असतो, केसपेपर असतो. केसपेपरवर 'पोती उचलताना छातीत दुखू लागले' हे वाक्य आले तर ते वकिलाच्या दहा युक्तिवादांपेक्षा मोठे. सोबत गेलेल्या माणसाने डॉक्टरांना ते तसेच सांगावे; 'एकदम चक्कर आली' एवढ्यावर थांबू नये.

बाकीचे कागद पुढच्या आठवड्यात गोळा करता येतात, पण पुढच्या वर्षी नाही. हजेरीचे पान, गाडीची बिल्टी, फास्टॅगचे टोल, वजनकाट्याच्या पावत्या, रात्री मालकाने केलेल्या फोनची मोबाइलमधली नोंद, डबल पाळी केल्याचे साक्षीदार. फोन फॉरमॅट करून धाकट्या भावाला देऊ नये. सोबतच्या कामगारांना आज सगळे आठवते. सहा महिन्यांनी त्यांतले निम्मे दुसरीकडे कामाला गेलेले असतात, उरलेल्यांना आपली नोकरी प्रिय असते. जपानमध्ये अतिकामाने आलेल्या मृत्यूला 'करोशी' म्हणतात आणि सरकार तो तासांवर मोजते : अटॅकच्या आधीच्या महिन्यात सुमारे १०० तास जादा काम, किंवा दोन ते सहा महिने सरासरी ८० तास, असेल तर कामाशी संबंध पक्का धरतात. आपल्याकडे असा आकडा ठरलेला नाही. म्हणून तास मोजण्याचे काम घरच्यांवरच येते.

डॉक्टरांना प्रश्नही नीट विचारला पाहिजे. 'कामामुळे अटॅक आला का?' असे विचारले तर कोणताही डॉक्टर 'सांगता येत नाही' म्हणेल, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. विचारायचे ते असे : 'आजार होता हे धरून चालू. पण या माणसाने आदल्या दोन दिवसांत जे काम केले, त्या ताणाने मृत्यूला हातभार लागला असण्याची, तो लवकर आला असण्याची शक्यता आहे का?' १९५३ च्या निकालाला हवे आहे ते या प्रश्नाचे उत्तर.

आता पैशाचे. मृत्यूसाठी महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. १९२३ च्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते; प्रत्यक्ष पगार २२,००० असला तरी तेवढेच. पंचेचाळीस वर्षांच्या माणसासाठी आकडा १६९.४४ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले १६९.४४, १२,७०,८०० रुपये. वेतन १०,००० च असेल तर ८,४७,२००. वय तीस असेल तर आकडा २०७.९८, रक्कम अर्थातच वाढते. दफनविधीचा खर्च वेगळा. माणूस वाचला पण काम करण्याजोगा राहिला नाही, तर त्याचीही भरपाई आणि उपचाराचा खर्च मागता येतो. महिन्याभरात रक्कम भरली नाही तर १९२३ च्या कायद्याप्रमाणे १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. त्या व्याजाबद्दल काहींच्या मनात शंका येईल. मूळ रक्कम आणि व्याज आदेशात वेगवेगळे लिहिलेले असते, तेव्हा तेवढा भाग बाजूला ठेवून आलिमांना विचारता येते. त्या शंकेपायी अर्जच न करणे आम्हाला पटत नाही.

आम्ही शिकवतो त्या शाळेतल्या एका मुलाचे वडील माल उतरवताना गेले. चाळीस दिवसांच्या आत मालकाची माणसे पन्नास हजार रुपये आणि एक स्टँप पेपर घेऊन आली. इद्दतीत बसलेल्या बाईचा अंगठा पडद्याआडून घेतला गेला, 'आता काही देणे-घेणे राहिले नाही' म्हणून. मुलगा नववीतून उठला आणि गॅरेजला लागला. असे कागद आपल्याकडे फार होतात, आणि मधे असणारी माणसे पुष्कळदा आपलीच असतात, भले करतोय असे त्यांनाही वाटत असते. अशा कागदाला कायद्यात किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार मुळातच रद्दबातल असतो. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने रक्कम आयुक्तांकडे जमा करायची असते. विधवेच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल तेवढी वळती होऊ शकते. म्हणजे अंगठा दिला म्हणून दार बंद झाले असे समजू नये.

मिळालेल्या रकमेवर कोणाचा हक्क, हाही आपल्या घरांत कठीण प्रश्न. भाऊ म्हणतात, शरीअतप्रमाणे वाटणी करू. विरासतीचे नियम मयताच्या स्वतःच्या मालमत्तेला लागतात. ही भरपाई कायदा त्याची मालमत्ता मानत नाही. ती त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांची असते. विधवा, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली, विधवा आई हे पहिले. कमावते सज्ञान भाऊ त्यात नाहीत. कोणाला किती द्यायचे ते आयुक्त ठरवतात आणि मुलांचा वाटा त्यांच्या नावाने गुंतवायला लावू शकतात. यतिमांच्या मालाबद्दल सूरह निसामध्ये किती कडक ताकीद आहे, ते सांगायला या मासिकाच्या वाचकांना आमची गरज नाही.

कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर बहुधा ईएसआय लागू असते. मग वरचा दावा करता येत नाही, त्याऐवजी ईएसआयकडून आश्रितांना दरमहा रक्कम मिळते : पूर्ण दर रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के, त्यातला तीन पंचमांश विधवेला आणि दोन पंचमांश प्रत्येक मुलाला, एकूण पूर्ण दराच्या आत बसवून. तिथे एक मोठी सवलत आहे. अपघात काम चालू असताना झाला असेल तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरतात, उलट पुरावा येईपर्यंत. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालांना भरपाईचा कायदा लागू आहे. हमालांच्या बाजूने उभा राहिलेला तो १९६९ चा कायदा ज्यांच्या चळवळीतून आला, ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. ठेकेदाराकडे असणाऱ्यांनी ठेकेदार पळाला म्हणून हताश होऊ नये. ज्याच्या धंद्याचे काम चालू होते, त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. स्वतःची हातगाडी, स्वतःची रिक्षा, स्वतःचे दुकान असणाऱ्यांना मात्र या कायद्यात जागा नाही, कारण तिथे मालकच नाही. बँकेतल्या २० रुपयांच्या अपघात विम्यातही हार्ट अटॅक बसत नाही. ४३६ रुपयांच्या जीवनज्योती विम्यात मृत्यूचे कारण पाहत नाहीत. विम्याबद्दल ज्याचे जे मत असेल त्याने तसे ठरवावे.

मालक ओळखीचा, कधी नात्यातला असतो, म्हणूनही लोक कचरतात. ट्रकच्या बाबतीत ड्रायव्हरची भरपाई बहुधा गाडीच्या विमा कंपनीकडून येते. शेठच्या खिशाला हात न लावता हक्क मिळू शकतो, आणि समजूतदार शेठ स्वतः कागद काढून देतात.

वेळेची कल्पना मात्र आधीच असू द्यावी. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला जाताना, कारखान्यापासून पाच किलोमीटरवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये परत दिली. कामावर जाण्याची वाट कामाचा भाग धरता येते, असे त्यात ठरले. पण मधे बावीस वर्षे गेली. सगळ्यांचे असे होत नाही. तरी पहिल्या दिवसाचे कागद जितके चोख, तितका वाद कमी.

दावा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत लावायचा असतो. इद्दतीचे चार महिने दहा दिवस त्यात सहज बसतात, तेवढ्यात मालकाला लेखी नोटीस घरातला कोणीही रजिस्टर पोस्टाने पाठवू शकतो. मृत्यू गुजरातेत किंवा कर्नाटकात झाला असला तरी विधवा जिथे राहते तिथल्या आयुक्तांकडे दावा चालतो. जावळीच्या बाईने सुरतेच्या चकरा मारायला नकोत. जिल्ह्यात हे काम कोण पाहते ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारले की कळते. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना आधार कार्ड, मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे कागद आणि मालकाचे नाव-पत्ता एवढे सोबत न्यावे.